कशालाही चालेल अशी गोळी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. मागे काचेचं उंच कपाट, त्यात साखळीनं जखडलेल्या सहा बंदुका, शाळेत उशिरा आलेल्या पोरांना रांगेत उभं करावं तशा. डाव्या अंगाला लोखंडी तिजोरी, तिच्यावर गणपतीची तसबीर आणि कालचा मलूल झेंडू. उजवीकडून, म्हणजे बेळगावच्या बाजारातल्या गल्लीतून, उन्हाचा एक पट्टा आत येऊन फरशीवर आडवा पडला आहे. बाहेर रिक्षावाले मराठीत भांडताहेत आणि कन्नडमध्ये समेट करताहेत. आणि मग दारात, देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढून, एक म्हातारा उभा राहतो. पांढरी टोपी, गुडघ्याच्या जरा खाली आलेलं धोतर, काखेत रेक्झिनची पिशवी. उजेड बरोबर त्याच्या तोंडावर. नाटकमंडळीत असता तर नुसत्या या उभं राहण्यावर टाळी घेऊन गेला असता.

हा मष्णू गावडे. वय एकाहत्तर. खानापूरच्या पलीकडं, रान जिथं शेताच्या बांधाला येऊन टेकतं, तिथल्या एका गावचा.

काउंटरच्या मागून राजेश्वरी उठली. दुकान तिच्या सासऱ्यांचं. सासरे गेले, नवऱ्याला बंदुकीच्या आवाजाचीच भीती, म्हणून गेली वीस वर्षं गल्ल्यावर हीच. माहेर वडगावचं, साड्या विणून दुकानात विकणाऱ्या मागवाल्यांचं. साडीचा पोत बोटानं ओळखणारी बाई आता काडतुसाचा पोत बोटानं ओळखते.

"या आप्पा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको, गोळी दे."

"गोळी काय चिंचेची आहे, मागितली की दिली? आधी लायसन दाखवा, वनखात्याचं पत्र दाखवा."

मष्णूनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन्ही कागद काढून काचेवर ठेवले. पत्र ताजं होतं. एक रानडुक्कर, सुळेवाला नर, पंधरा दिवसांची मुदत, वनरक्षकाच्या समक्ष.

"आता ऐक आक्का," तो खुर्चीच्या टोकावर बसला. "मला अशी गोळी दे, जी कशालाबी चालंल. जनावर लांब असू दे, जवळ असू दे. कातडं जाड असू दे, पातळ असू दे. आरपार जायला नको, वरच्यावर फुटायलाबी नको. आणि टिक् वाजायला नको."

"टिक्?"

"टिक्," मष्णू म्हणाला, आणि खाली बघत टोपी सारखी केली.

त्या एका टिक्‌च्या मागे चार वर्षांचं दुखणं होतं.

मष्णूची रायफल तीनशेपंधरा बोअरची. फार मोठी नाही, फार लहान नाही, मधल्या मापाची. त्याच्या बापानं लाकडाच्या ठेक्यावर मुकादमी करताना शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली. बाप गेला तेव्हा वाटणीत थोरल्या भावानं बैलजोडी मागितली, धाकट्यानं पत्र्याची नवी खोली. मष्णूनं रायफल मागितली आणि दोघं भाऊ आठवडाभर त्याला हसले. पुढं मष्णूनं खानापुरात लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं करवतीवर काम केलं, संध्याकाळी शेत केलं, आणि भात पोटरीला आलं की राखणीला बसला.

आता राखण म्हटलं की लोकांना वाटतं रोज धडाडधूम. तसं काही नव्हतं. पन्नास वर्षांत मष्णूनं किती बार काढले ते तो बोटांवर मोजू शकत होता, आणि त्यातले बरेचसे आभाळात. त्याचं खरं काम बसण्याचं. बावीस घरांचं भात त्या एका दरडीखाली. माळ्यावर मष्णू आहे म्हटलं की बावीस घरं डोळे मिटत. पैसा कुणी द्यायचा नाही आणि यानं घ्यायचा नाही. ज्या घराची पाळी त्या घरानं राखणदाराला भाकरी पाठवायची, एवढाच रिवाज. कुणाची नाचणीची, कुणाची तांदळाची. त्यामुळं गावातल्या कुठल्या सुनेचा हात कसा आहे हे मष्णूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या वर्षीच्या सुनेनं करपलेली भाकरी पाठवली तरी निरोप एकच जायचा, "लई ग्वाड लागली म्हणावं."

असा माणूस. आणि चार वर्षांपूर्वी त्याचं ग्रहमान फिरलं.

झालं असं, की बापाच्या वेळची काडतुसं संपली. मष्णूनं नवी घेतली, ती कडक कवचाची. परवानगीचं डुक्कर समोर आलं, बार काढला, नेम लागला. गोळी डुकरातून आरपार गेली, बांध ओलांडून गेली आणि शेजारच्या भावकूच्या मोटारपंपाच्या पाइपात शिरली. डुक्कर दोन कोस पळून मेलं. भावकूचं पाणी आठ दिवस बंद.

भावकू म्हणजे मष्णूचा लंगोटीयार. तो म्हणाला, "मष्ण्या, डुकराला मारलास त्ये बरं केलास, पर माझ्या पायपानं तुझं काय घोडं मारलं हुतं रं?"

दुसऱ्या वर्षी मष्णूनं हलकी गोळी घेतली, वेगानं जाणारी. ती डुकराच्या खांद्यावर लागली. नराच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं. गोळी त्या ढालीवरच फुटली आणि जखमी जनावर रानात घुसलं. वनरक्षकाला घेऊन मष्णू तीन दिवस रक्ताच्या मागावर हिंडला. ते डुक्कर शेवटी सापडलं आणि यातनांतून सुटलं, पण मष्णू तापानं फणफणून घरी आला. "मारायचं तर मारावं," तापात तो सारखं म्हणत होता, "असं अर्धं सोडू न्हाय."

तिसऱ्या वर्षी त्यानं तिसरी तऱ्हा घेतली, मऊ नाकाची, जड. ती उडालीच नाही. चाप ओढला आणि आवाज आला, टिक्. चौथ्या वर्षी दुसऱ्या दुकानातून आणखी वेगळी घेतली. पुन्हा टिक्. या वेळी डुकरानं तो आवाज ऐकला आणि उलटून सरळ बांधावर बसलेल्या भावकूवर आलं. भावकूच्या मांडीत सुळा शिरला. बावीस टाके पडले. गावातली पोरं मष्णू दिसला की जिभेनं टाळूवर आवाज काढायला लागली, टिक्, टिक्. बावीस घरांतली काही घरं आता फटाके आणून ठेवू लागली.

धाकटा मुलगा सौरव बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर असतो, हिंडलग्याला बायकोसह राहतो. तो दवाखान्यात भावकूच्या खाटेशेजारी उभा राहून म्हणाला होता, "बाबा, नशीब मांडीवर निभावलं. पुन्हा एकदा टिक् झालं तर बंदूक ठाण्यात जमा. मी स्वतः घेऊन जाणार."

मष्णूनं त्याला शब्द दिला होता. पन्नास वर्षं माळ्यावर बसलेल्या माणसानं दिलेला शब्द. आता पुढचं सगळं या पंधरा दिवसांवर आणि काचेवर ठेवायच्या एका पेटीवर होतं. रायफल गेली तर मष्णूला भाताचं दुःख नव्हतं, भात पोरंही राखतील. पण संध्याकाळी पाच वाजता कंदील पुसून निघायचं ते कुठं? हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. राजेश्वरीला सांगितलं. दुकानदाराला आणि वैद्याला माणूस घरच्यांपेक्षा जास्त सांगतो.

राजेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून तीन काडतुसं काढून काचेवर उभी केली.

"आप्पा, माझ्या बाबांच्या दुकानात बायका येऊन काय म्हणायच्या ठाऊक आहे? अशी साडी द्या की लग्नालाही नेसता येईल, बारशालाही आणि बाजारालाही. मी लहान होते, मला हसू यायचं. बाबा म्हणायचे, हसू नको, अशी साडी असते. ती सगळ्यात भारी नसते, सगळ्यात झिरझिरीतही नसते. तिचा ताणा घट्ट लागतो आणि पदर मऊ."

"मग ती दे."

"घाई करू नका. ही पहिली बघा, पूर्ण कवचाची. ही हट्टी. निघाली की थांबायचं नावच नाही. ही तुम्ही भावकूंच्या पाइपात घातलीत. ही दुसरी, हलकी. लांबवर सरळ जाते, पण जाड कातडं लागलं की फुटून चुरा. ही सांबराला वापरायचे जुने लोक, डुकराच्या ढालीला नाही." तिनं तिसरं पुढं सरकवलं. "ही मधल्या वजनाची. नाक उघडं शिशाचं, म्हणून लागल्यावर फुलते. बूड जाड कवचात घट्ट बसवलेलं, म्हणून फुललं तरी तुकडे होत नाहीत. आत जाते, काम करते आणि जनावरातच थांबते. तुमच्या शेतात लांबात लांब बार किती?"

"ह्या दारापासनं त्या रिक्षास्टँडपतूर. लई झालं तर."

"मग हिच्याहून जास्त काही नको. आणि आप्पा, दरवर्षी गोळी बदलायचं सोडा. एकाच बंदुकीतून वेगळी गोळी वेगळ्या जागी लागते. एक गोळी धरा, तिच्यावर नेम बसवून घ्या, आणि मग मरेपर्यंत तीच."

"बायकोगत."

"तुम्ही म्हणालात, मी नाही," राजेश्वरी हसली. "पण मागं इथं आला असतात तरी मी हीच दिली असती. मऊ नाकाची तुम्ही तिसऱ्या वर्षी घेतलीत म्हणता. मग उडाली का नाही?"

"तेच तर. गोळीच वाईट." मष्णूनं पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेली चार जुनी काडतुसं काढली. "ही बघ. बदलून देतीस का?"

राजेश्वरीनं एक उचललं. बोटात फिरवलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. मग काडतूस नाकाजवळ नेलं. बुडाच्या टोपीभोवतीच्या बारीक खाचेत तिला लाल काहीतरी दिसलं, ते तिनं टाचणीनं खरवडलं.

"आप्पा, हे कुंकू आहे."

"असंल की. खंडेनवमीला पूजा असती."

"आणि हे तेल?"

"तेलबी असतंय. घाण्याचं, चांगलं."

"कुणी लावलं?"

"आमच्या मालकिणीनं. लई मनापासनं करती ती. बंदुकीला तर नेहमीच लावतात. हिनं म्हणजे..." मष्णू थांबला. राजेश्वरीचा चेहरा बघून थांबला.

"किती वेळ लावून ठेवतात?"

"लावत न्हाय. वाटीत बुडवून ठेवती. नवमीला संध्याकाळी बुडवती, दसऱ्याला सकाळी काढून पुसती."

राजेश्वरीनं काडतूस खाली ठेवलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. "आप्पा, काडतुसाच्या बुडाला ही टोपी असते. घोडा हिच्यावर पडला की ठिणगी, ठिणगी पडली की दारू पेटते. तेल रात्रभर राहिलं की झिरपून टोपीत उतरतं, आणि टोपी मरते. गोळी वाईट नव्हती. दोन्ही वर्षं नव्हती."

रस्त्यावरून फुगेवाला गेला. मष्णूनं चारी काडतुसं पुन्हा फडक्यात बांधली.

त्याला आठवलं. तापातून उठला त्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी. पाटावर रायफल, विळा, कोयता, सौरवचा पाना. बायकोनं, नागुबाईनं, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि मग एकदम म्हणाली, "अवं, ही बंदूक तर खुंटीलाच असती. बाहेर जाती ती गोळी. आपण पूजा बंदुकीची करतो आणि जिवावर उदार हून जाती तिला काय न्हाय! हे बरं न्हवं." आणि तिनं पितळी वाटीत तेल ओतलं. मष्णूला ते ऐकून तेव्हा गहिवरून आलं होतं. पन्नास वर्षांत एवढी सरळ गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून तो चार लोकांत बायकोचं कौतुक करत हिंडला होता.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "खंडेनवमी परवा हाय."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू? तू माझ्यासाठी केलंस त्यानं भावकूची मांडी फाटली, असं सांगू?"

राजेश्वरीकडं याची गोळी नव्हती. तिनं दहा काडतुसांची पेटी बांधली, रजिस्टरवर मष्णूची सही घेतली आणि जाताना म्हणाली, "कोरडी ठेवा म्हणजे झालं. बाकी तुमचं तुम्ही बघा."

खानापूरच्या बसमध्ये मष्णूनं खोटं बोलायचं ठरवलं. एक नाही, तीन खोटी तयार केली. पहिलं, काडतुसं अजून आली नाहीत. दुसरं, यंदा वनखात्यानं पूजेला बंदी घातली. तिसरं, सोयर आहे. तालीम चांगली झाली होती. पण दारात पाय ठेवला, नागुबाईनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "मिळाली का गोळी?" आणि मष्णूची सगळी वाक्यं विंगेतच राहिली.

"मिळाली."

"आणा हिकडं. वाटी घासून ठेवलीया."

मष्णू ओट्यावर बसला. "नागू, तेल नको लावूस."

"का वं?"

मग त्यानं सांगितलं. जसं राजेश्वरीनं सांगितलं तसंच, टोपी, ठिणगी, झिरपणं. मांडीचं काही बोलला नाही. त्याची गरजही पडली नाही. नागुबाई हिशेबात कच्ची नव्हती.

"म्हंजे दोन्ही वेळला टिक् वाजलं ते..."

"गोळीचंबी काय खरं नसतंय म्हण..."

"गप बसा." तिनं पदर खोचला. "भावकूभावजींच्या घराकडं चाललेय मी."

"अगं, आता कशाला?"

"आत्ताच. तुमच्यासारखं बसमधी इचार करत बसत न्हाय मी."

मष्णू तिच्या मागून गेला. भावकू अंगणात खाटेवर पाय लांब करून तंबाखू मळत होता. नागुबाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली, शेवटी म्हणाली, "भावजी, तुमच्या मांडीला मी कारण झाले. काय बोलायचं ते बोला."

भावकूनं तंबाखू तोंडात टाकली. मष्णूकडं बघितलं. मग नागुबाईकडं. मष्णूला वाटलं, आता लहानपणापासूनची दोस्ती गेली.

"वैनी," भावकू म्हणाला, "तेल कुठलं हुतं?"

"शेंगदाण्याचं. घाण्यावरचं."

"तरीच! डुकरानं नेमकं माझ्याकडंच का यावं हे मला वरीसभर कळंना. त्याला भज्याचा वास आला असणार." आणि तो इतका हसला की टाके पडलेली मांडी धरून हसला. "वैनी, मांडी डुकरानं फाडली. तुम्ही न्हाय. पर ह्या मष्ण्यानं वरीसभर मला सांगितलं की गोळीवाल्यानं फसवलं, फसवलं. त्याला मातर सोडणार न्हाय. जा, च्या टाका, मी येतो."

नागुबाई रडली ती तिथं. रडता रडता तिला हसू फुटलं आणि मग ते थांबेना.

नवमीला पाटावर रायफल ठेवली, विळा, कोयता ठेवला. त्यांना तेल, हळदकुंकू सगळं झालं. काडतुसांचं ताट वेगळं, खाली धुतलेलं कोरडं फडकं. त्यांच्यासमोर नागुबाईनं एकच झेंडूचं फूल ठेवलं, तेही पाणी झटकून, आणि हात जोडून देवाला खडसावलं, "दिसतंय न्हवं तुला? हात लावू दिला न्हाय मला. आता तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी वनरक्षक साईराज आला. पोरगा तरणा, निपाणीकडचा, फटफटीवरून फिरणारा. त्याच्या देखत मष्णूनं जुन्या खडीच्या खाणीत दरडीला पुठ्ठा टेकवून दोन बार काढले. दोन्ही उडाले. मष्णूनं डोळे मिटून घेतले, कारण तीन वर्षांनी तो आवाज कानात गेला होता. पण दोन्ही गोळ्या मधल्या ठिपक्यापासून चांगल्या वीतभर खाली लागल्या होत्या.

"आप्पा, हात थरथरतोय काय?" साईराजनं विचारलं.

"हात न्हाय थरथरत. दोन्ही भोकं एकाजागी हायत का न्हाय बघ. नेम हलक्या गोळीवर बसवलेला हुता. ही जड हाय, खाली पडणारच." त्यानं मागची पट्टी एक खाच वर चढवली आणि तिसरा बार काढला. ठिपका नाहीसा झाला. मष्णूनं बंदूक उतरवली आणि उरलेली सात काडतुसं खिशात घातली. पुढं एकही वाया घालवायचं नव्हतं.

पाचव्या पहाटे सुळेवाला आला. आभाळ तांबूस होत होतं, भातावर दव होतं, आणि दरडीखालच्या कोपऱ्यात लोंब्या लाटेसारख्या हलल्या. मष्णू माळ्यावर, त्याच्या शेजारी साईराज. भावकू या वेळी बांधावर बसला नव्हता, तो पंपाच्या खोलीवर, पत्र्यावर चढून बसला होता. "पायप आणि मी, दोघंबी वर," असं म्हणून चढला होता.

डुक्कर उघड्यावर आलं. मोठा नर, पाठीचे केस ताठ, सुळे उजेडात पिवळे. रिक्षास्टँडाच्या निम्म्या अंतरावर. मष्णूनं घाई केली नाही. जनावर आडवं होईपर्यंत थांबला. मागं चिखलाची दरड आली, घर नाही, गुरं नाहीत, पंप नाही, हे बघितलं. मग खांद्याच्या जरा मागं नेम धरला.

बार झाला.

डुक्कर चार पावलं पुढं गेलं, गुडघ्यावर बसलं आणि कुशीवर झालं. तडफड नाही, ओरडणं नाही. दरडीची माती जागची हलली नव्हती. गोळी आतच थांबली होती.

पत्र्यावरून भावकूचा आवाज आला, "मष्ण्या! पायप शाबूत हाय रं!"

सूर्य वर येईपर्यंत निम्मं गाव मष्णूच्या अंगणात. कुणीतरी सौरवला फोन लावला होता, तो पहिल्या पाळीची दांडी मारून गाडीवरून आला. आला तो आधी खाटेवर टेकवलेल्या रायफलीकडं बघत उभा राहिला. मग सौरवनं फडकं घेतलं, नळी आतून बाहेरून कोरडी पुसली, आणि रायफल उचलून आत नेऊन खुंटीला लावली. बाहेर आला आणि आईकडं चहा मागितला. एवढंच. मष्णूनं दाराकडं पाठ करून, कुणाला न दिसेल असं, एकदा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

साईराज पंचनामा लिहीत होता. नियमाप्रमाणं जनावर खड्ड्यात घालून वर रॉकेल ओतायचं होतं, आणि त्यावरून भावकूची कुरकुर चालली होती, "एवढं मटण मातीत! माझ्या मांडीचा मोबदला म्हणून एक तंगडी तरी लिहा की सायेब!"

"सही माडरी आप्पा, इथं करा," साईराज म्हणाला, आणि मग कागद परत आपल्याकडं ओढला. "थांबा. मागच्या दोन वेळचा शेरा राहिलाय. बार न उडण्याचं कारण. साहेब विचारतात."

नागुबाई चहाची किटली घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली. मष्णूला ठाऊक होतं, कागदावर हलगर्जी लिहिली तर पुढच्या वर्षी परवान्याचं अवघड होईल. आत्ताच खुंटीला लागलेली रायफल तिथून उतरेल.

"लिही," तो म्हणाला. "काडतुसं मी तेलात ठेवली. माझी चूक."

"खोटं बोलत्यात," दारातून नागुबाई म्हणाली. सगळ्या माना तिकडं वळल्या. "म्या ठेवली. खंडेनवमीला. वाटीत बुडवून. लिहायचं तर माझं नाव लिवा."

"तू आत जा गं."

"का जाऊ? माझं घर हाय."

कुणीतरी हसलं. पण सगळेच हसले नाहीत. अंगणात बाराबोअरवाले चारपाच जण होते, ते एकमेकांकडं बघायला लागले होते. त्यांच्याही घरी नवमी झाली होती. नागुबाईचं ते कौतुक मष्णूनंच गावभर सांगितलं होतं आणि बायकांनी ते ऐकलं होतं. एकजण उठला आणि घराकडं चालू लागला, मग दुसरा.

साईराजचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय झालं रं?" मष्णूनं विचारलं.

"आप्पा," साईराज हळूच म्हणाला, "आमच्या वडिलांची डबलबार बंदूक हाय घरी. निपाणीला. ऊसात डुकरं येतात म्हणून. आई पण... नवमीला... काडतुसं..."

"बुडवती?"

"बुडवत न्हाय. पण ब्रशनं लावती. दरवर्षी. मीच ब्रश आणून दिलाय."

भावकूनं कपाळावर हात मारला. नागुबाईनं किटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मष्णूनं पुढं वाकून साईराजच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावून त्याच्या खिशात अडकवलं.

"आधी घरला फोन लाव," तो म्हणाला, "पंचनामा मागनं लिही."